धाकट्याचा आकडा

माझी भाची ज्या कचेरीत काम करते तिथेच मी एकतीस वर्षे नोकरी केली. तिसरा मजला, मूल्यमापन विभाग. काम सांगायला सोपे आणि पटवायला अवघड. एखादे रसायन रोज थोडे थोडे, वर्षानुवर्षे पोटात जात राहिले तर माणसाचे काय होईल, हे ते पोटात जाण्याआधी ठरवायचे. त्यासाठी पांढऱ्या उंदरांना ते दोन वर्षे, म्हणजे त्यांचे जवळजवळ सगळे आयुष्य, खाद्यातून द्यावे लागते. प्रत्येक रसायनासाठी असे करत बसलो तर जगातले उंदीर पुरणार नाहीत आणि आपली वर्षेही. म्हणून ज्याची परीक्षा झालेली नाही त्याचे नातलग शोधायचे, म्हणजे रचनेने त्याच्यासारखी असणारी दुसरी रसायने, आणि त्यांच्यावरून याचा अंदाज बांधायचा.

ताईला, म्हणजे भाचीच्या आईला, हे कधी पटले नाही. आम्ही तिघे एकाच घरात राहतो. त्या दोघी खाली आणि मी माडीवर, पुस्तकांच्या मध्ये उरलेल्या जागेत. ताईच्या मते आमचा धंदा म्हणजे माणसाला न भेटता त्याच्या चुलतभावाला बघून सोयरीक ठरवणे. शितावरून भाताची परीक्षा करतातच की, असे मी एकदा म्हणून पाहिले. ती म्हणाली, "शीत त्याच भातातलं असतं रे पंडिता. शेजारणीच्या पातेल्यातलं नसतं."  

विभागात या कामासाठी एक मोठा तक्ता असतो. त्याला सगळे नात्याचा तक्ता म्हणतात. वरच्या ओळीत एका कुटुंबातली रसायने, डावीकडे एकाखाली एक परीक्षांची नावे. ज्या चौकटीत उंदरांवर प्रत्यक्ष मोजलेला आकडा असतो ती हिरवी. ज्या चौकटीतला आकडा नातलगाकडून आणलेला असतो ती पिवळी, आणि ज्याच्याकडून आणला त्याच्यापासून तिच्यापर्यंत एक बाण. नियम एकच आहे. बाण हिरव्या चौकटीतूनच निघाला पाहिजे, पिवळ्यातून नाही. माझ्या वेळी हे रंगीत पेन्सिलींनी कागदावर चालायचे, आता संगणकावर चालते. रसायनांची लांबलचक नावे मात्र तेव्हाही कोणी उच्चारत नसे. प्रत्येक कुटुंबात कोणी थोरला, कोणी धाकटा, कोणी चुलता असतो आणि ही नावे एकदा पडली की चिकटतात.

त्या सोमवारी भाची कचेरीतून आली ती चपला काढून थेट माडीवर आली. नोकरीला लागून तिला वर्ष झाले होते आणि एकटीच्या सहीने जाणारा तिचा पहिला अहवाल शुक्रवारी जायचा होता. विषय होता लहान मुलांच्या सिपरची मऊ चोच. चोच मऊ राहावी म्हणून तिच्या प्लॅस्टिकमध्ये एक रसायन घालतात. मूल दिवसभर चोच चोखते, चावते, त्यातले थोडे पोटात जाते आणि हे दोन-तीन वर्षे चालते. या रसायनाची, म्हणजे थोरल्याची, अठ्ठावीस दिवसांची परीक्षा झालेली होती. दीर्घकाळाची चौकट रिकामी होती. पण शेजारीच धाकटा होता. रचनेत फरक एवढाच की थोरल्याची शेपटी दोन कड्यांनी लांब. आणि धाकट्याची दीर्घकाळाची चौकट हिरवीगार होती.

"मामा, तुमचाच आकडा," ती म्हणाली.

पन्नास. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज पन्नास मिलिग्रॅम. इथपर्यंत काही बिघडत नाही, असा त्याचा अर्थ. सव्वीस वर्षांपूर्वी तो मी बसवला होता आणि विभागात त्याला अजूनही काकांचा, म्हणजे माझा, आकडा म्हणतात, असे ती सांगत होती. मला ते आवडले, हे कबूल करतो. माझ्या नावावर दुसरे काही नाही. दोन लेख आहेत, पण ते छापणाऱ्याखेरीज कोणी वाचले असतील असे वाटत नाही. धाकट्याचा आकडा मात्र लोक वापरत होते. बाकी कशाबद्दलही मला शंका असते, गॅस बंद केला की नाही इथपासून. या एका आकड्याबद्दल नव्हती.

तिला माझ्याकडून फक्त भाषा तपासून हवी होती. मंगळवारी सकाळी मी खिडकीशी बसून अहवाल वाचायला घेतला. भाषा चांगली होती. दोन ठिकाणी वाक्य लांबले होते, तिथे पेन्सिलीने खूण केली. मग तक्ता आला. त्यातला पन्नास हा आकडा मी नुसता बघत बसलो.

उंदरांना दोन वर्षे रसायन द्यायचे तर ते बहुधा खाद्यात कालवून देतात. आता उंदीर काही वजनकाट्यावर जेवत नाही. कोणी जास्त खातो, कोणी कमी, म्हातारपणी सगळेच कमी. शेवटी सगळा हिशेब करून सरासरी काढली की आकडा येतो सत्तेचाळीस पूर्णांक तीन, नाहीतर बावन्न पूर्णांक आठ. मोजलेला आकडा खडबडीत असतो. गुळगुळीत आकडा दिसला की विचारावे, बाबा रे, तू कुठला? हे मीच नव्या लोकांना शिकवत असे. स्वतःच्या आकड्याकडे मी त्या नजरेने कधी पाहिले नव्हते.

नळीने रोज मोजून पाजले तर आकडा गोल येऊ शकतो. दोन वर्षे नळीने पाजलेल्या परीक्षाही मी पाहिल्या आहेत. तसेच असेल, असे मी स्वतःला सांगितले. पण मग ती परीक्षा कुठे झाली, उंदीर किती होते, काहीच आठवेना. वयाचा दोष म्हणावा, तर त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका परीक्षेतल्या उंदरांच्या शेपट्यांना कसले चट्टे पडले होते तेही मला आठवत होते. आता मला चैन पडेना. त्यात भीती थोडी होती. खरे सांगायचे तर उत्सुकता जास्त होती.

बुधवारी भाचीबरोबर मी कचेरीत गेलो आणि ती वर गेल्यावर तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये उतरलो. तिथले रेकॉर्ड कीपर माझ्या शेवटच्या वर्षात लागलेले. लोखंडी रॅकच्या तोंडाशी टेबल टाकून बसतात आणि आलेला प्रत्येक कागद आधी स्वतः वाचतात. त्यांचे म्हणणे असे की, निवृत्त माणूस इथे दोनच कारणांनी येतो, एक जन्मतारीख सिद्ध करायला आणि दुसरे भांडायला. मी म्हणालो, भांडणच आहे, पण कोणाशी ते अजून कळलेले नाही. त्यांनी मान डोलावली आणि धाकट्याची फाईल काढून दिली.

फाईलमध्ये छापील अहवालाच्या आधी माझा कच्चा तक्ता होता. माझेच अक्षर, तेव्हाचे, बरेच सरळ. धाकट्याच्या दीर्घकाळाच्या चौकटीत पन्नास होते आणि चौकट पिवळ्या पेन्सिलीने रंगवलेली होती.

पिवळ्या. म्हणजे तो आकडा धाकट्याचा नव्हताच. बाण येत होता के-४१ नावाच्या एका नातलगाकडून. चौकटीवर बारीक चांदणी काढलेली होती आणि पानाच्या तळाशी तळटीप होती, 'कंपनीने पाठवलेल्या सारांशावरून. मूळ अहवाल पाहिलेला नाही.' त्या तळटिपेवर एक आडवी रेघ मारलेली होती. शाई माझ्याच पेनची होती. मी तेव्हा हिरवट काळी शाई वापरत असे. दुसरे कोणी वापरत नसे.

हळूहळू सगळे आठवत गेले. त्या वेळचे आमचे साहेब पान हातात घेऊन म्हणाले होते की, ही टीप अहवालाला घाबरट करते, लिहिणाऱ्याचाच स्वतःवर विश्वास नाही असे दिसते. बाण कुठून आला ते मजकुरात लिहिलेलेच आहे, मग तळाशी रडगाणे कशाला? मी तिथेच, त्यांच्या टेबलावर वाकून, ती खोडली. पण मजकूर कोण वाचतो? लोकांनी तक्ता तेवढा उचलला. पुढे हे तक्ते काळ्या-पांढऱ्या पुस्तकात छापले गेले. तिथे रंग नव्हते, म्हणून ज्या आकड्याला तळटीप तो आणलेला आणि ज्याला नाही तो मोजलेला, असा संकेत ठरला. मग ते पुस्तक संगणकात चढवले, तेव्हा बिनटिपेचे सगळे आकडे हिरवे झाले. त्यात माझाही झाला.

इथपर्यंत चूक तशी साधी होती. के-४१ची मूळ परीक्षा सापडली की बाण तिथून काढायचा, काम झाले. मी के-४१ची फाईल मागितली. रेकॉर्ड कीपर शिडी घेऊन पार शेवटच्या रॅककडे गेले आणि एक बारीकशी फाईल घेऊन आले. ती कंपनी केव्हाच बंद पडली होती आणि जाताना तिचे कागद इथे टाकून गेली होती, असे त्यांनी सांगितले. के-४१ तेव्हा विजेच्या तारांच्या वेष्टनात जायचे.

पहिल्या पानावर रसायनाचा नोंदणी क्रमांक होता. रसायनाला बाजारात दहा नावे असोत, हा क्रमांक एकच असतो. मला तो ओळखीचा वाटला. भाचीचा अहवाल पिशवीत होताच. मी दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी धरले आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत गेलो. नंतर चष्मा पुसून पुन्हा गेलो.

के-४१ म्हणजे थोरला.

म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वी मी धाकट्यासाठी थोरल्याकडून आकडा आणला होता आणि आज माझी भाची थोरल्यासाठी तोच आकडा धाकट्याकडून नेत होती. दोघांनी एकमेकांच्या चारित्र्याचे दाखले द्यावेत, तसा प्रकार. मग मुळात तो आला कुठून? फाईलच्या तळाशी चार पाने होती, कंपनीचा अंतर्गत अहवाल क्रमांक ११४. टाचणी गंजून कागदाला चिकटली होती, म्हणजे कोणी ती कधी काढलेली नव्हती. त्यात लिहिले होते की, के-४१ची दीर्घकाळाची परीक्षा केलेली नाही, मात्र जवळच्या एका पदार्थाची नव्वद दिवसांची परीक्षा झाली आहे, नळीने पाजून, त्यात पन्नासपर्यंत काही बिघडले नाही, सबब तोच आकडा धरावा. जवळचा पदार्थ कोण, तर धाकटा. सारांश लिहिताना कंपनीतल्या कोणीतरी नव्वद दिवस हे शब्द गाळले होते.

धाकट्याचा तीन महिन्यांचा आकडा थोरल्याच्या घरी जाऊन, तिथून परत येऊन, दोन वर्षांचा झाला होता. आणि आता दुसऱ्या फेरीला निघाला होता.

एखादे मिनिट मला नुसता आनंद झाला. इतके सुबक वर्तुळ मी कधी पाहिले नव्हते, आणि ते मला सापडले होते. कोणाला तरी दाखवावे म्हणून मी मान वर केली. मग आकडा कोणाचा ते ध्यानात आले. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मी फायलींच्या पावत्या केल्या, चार पाने आणि माझा कच्चा तक्ता पिशवीत घातला आणि वर विभागात न जाता पायी घरी आलो. वाटेत मनात एक वकील उभा राहिला होता. सव्वीस वर्षांत कोणाला काही झाल्याचे ऐकिवात नाही. धाकटा निरुपद्रवीही असेल. सिपरच्या चोचीतून असे कितीसे जात असणार? अहवाल दोन दिवसांनी जाईल, पोरीचे काम मार्गी लागेल, मग सावकाश बघता येईल. वकील हुशार होता. पण तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'असेल' म्हणत होता, आणि 'असेल'वर किती भरवसा ठेवायचा हे मोजण्याचाच तर मला पगार मिळत आला होता.

दुपारी ताईने ताट पाहून विचारले की, जेवणात काही राहिले आहे का, की पंडितांचे पोट पुस्तकांनीच भरले. मी तिला सगळे सांगितले. तिला रसायन कळत नाही असे म्हणतात, पण तिने एकदाही मला थांबवले नाही. शेवटी तिने विचारले की, मुलीला हे दुसऱ्या कोणाकडून कळण्याची शक्यता आहे का. मी म्हणालो, नाही, ती टाचणी कोणी काढली नसती.

"मग तूच सांगायला हवंस," ती म्हणाली. "आणि आज सांग. उद्या तुझं धैर्य सर्दीने आजारी पडेल."

संध्याकाळी भाची आली तेव्हा मी जिन्याच्या तळाशीच उभा होतो. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि विचारले, भाषा इतकी वाईट आहे का? मी चार पाने आणि माझा कच्चा तक्ता तिच्या हातात दिला. ती पायरीवर बसून वाचू लागली. वाचताना ती बोटाने हवेत बाण काढत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे. तिसऱ्या बाणाला बोट थांबले.

"खात्री आहे, मामा?"

"या वेळी मूळ कागद पाहिलाय."

"तळटीप का खोडलीत मग?"

"साहेब म्हणाले, घाबरट दिसते."

"आणि तुम्ही घाबरून खोडलीत."

"हो."

तिला हसू आले, आणि मग तिने पाने पुन्हा पहिल्यापासून चाळली. तिच्या मनात शुक्रवार असणार, असे मला वाटले. पहिलाच अहवाल, तोही वेळेवर नाही, आणि कारण काय तर घरचाच माणूस. मी माफी मागायला तोंड उघडले, तेवढ्यात ती म्हणाली, "पण मग थोरल्याला आता कोण आहे? बिचारा पोरकाच झाला."

गुरुवारी आम्ही दोघे विभागप्रमुख बाईंकडे गेलो. त्या एके काळी माझ्या हाताखाली शिकलेल्या आणि अजून मला सर म्हणतात, त्यामुळे काम जास्तच अवघड झाले. त्यांनी चार पाने दोनदा वाचली. मग संगणकाला विचारले की, धाकट्याच्या त्या चौकटीतून आणखी किती बाण निघाले आहेत. अकरा निघाले. त्यांनी खुर्ची मागे सरकवली. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

"सर, तुम्ही खात्रीशिवाय बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुमचा आकडा म्हटल्यावर मागे वळून कोणी बघितलंच नाही."

शंकेखोर म्हणून माझी जी काही ख्याती होती, तिनेच माझी चूक सांभाळून ठेवली होती. बाईंनी भाचीला अहवालासाठी सहा आठवडे दिले आणि मला विचारले की, थोरल्यासाठी नवा नातलग शोधायला तिच्या शेजारी बसाल का. नाही म्हणायची माझी फार इच्छा होती. मी हो म्हणालो.

ते सहा आठवडे कसे गेले ते कळले नाही. आधी आम्ही संगणकाने दिलेली नातलगांची यादी पाहिली. साम्य किती टक्के, या क्रमाने ती लागते. वरचे दहा-बारा सगळे पिवळे निघाले. एकमेकांचे कपडे घालून लग्नाला आलेले. यादीत एकोणिसाव्या जागी, एकसष्ट टक्क्यांवर, एक चुलता होता. त्याला शेपटीच्या जागी एक कडे होते आणि तो थोरल्यासारखा मुळीच दिसत नव्हता. पण त्याची दोन वर्षांची परीक्षा झालेली होती. खरीखुरी, दोन जाड खंडांची. मी ते खंड मागवून पहिल्या पानापासून वाचले. आठ पूर्णांक सात. त्याच्या वरच्या मात्रेला उंदरांचे यकृत वाढले होते आणि पेशी बदलल्या होत्या.

प्रश्न असा की, दिसायला वेगळा असलेल्या चुलत्याचे थोरल्याला कशाला लावायचे? भाची म्हणाली की, दिसणे कागदावरचे असते, पोटात गेल्यावर कोण कसा राहतो ते बघू या. हा विचार माझ्या पिढीला सुचायला उशीर लागला. कागदावर पाहिले तर तिघांचेही तुकडे पडून मागे एकच आम्ल उरायला हवे होते. शेपटी कोणाची कशीही असो. ते खरेच तसे होते का, हे तिने प्रयोगशाळेतून करून घेतले. काचेच्या कुप्यांमध्ये यकृताचा अर्क घ्यायचा, त्यात तिघांना वेगवेगळे सोडायचे आणि पाच-पाच मिनिटांनी मोजायचे. अर्ध्या तासात थोरला जवळजवळ संपला आणि कुपीत ते आम्ल उरले. धाकट्याचे तसेच. चुलत्याला थोडा वेळ जास्त लागला, पण उरले तेच. भाचीने आलेख माझ्यापुढे ठेवला तेव्हा तीन रेघा एकाच जागी येऊन टेकल्या होत्या. आम्ही दोघे त्याकडे कितीतरी वेळ बघत होतो, जसे लोक नवजात मुलाकडे बघतात, याचे नाक कोणाचे आणि कान कोणाचे.

ताईला सांगितले तेव्हा ती म्हणाली की, एवढ्या कुप्या घालवून जे कळले ते तिला आधीच माहीत होते. माणूस कसा आहे ते पाहुण्यासारखा आला असताना कळत नाही, घरात राहू लागला की कळते.

मग भागाकार. आठ पूर्णांक सातला दहाने भागायचे, कारण माणूस म्हणजे उंदीर नाही. पुन्हा दहाने, कारण एक माणूस म्हणजे दुसरा माणूस नाही. आणि आणखी कितीतरीने, कारण थोरला म्हणजे चुलता नाही. इथे आमचे जुंपले. मी दहा म्हणत होतो, ती तीन म्हणत होती. मी विचारले, तीनच का? तिने आलेखावर बोट ठेवले. मला विचाराल तर मी अजूनही दहा म्हणेन, पण मी सगळीकडेच दहा म्हणतो. तिच्याकडे पुरावा होता आणि अहवालही तिचा होता. तीन राहिले.

दहा किलोच्या मुलाला दिवसाला जेमतेम पाव मिलिग्रॅमच्या थोडे वर चालेल, असे उत्तर आले. चोचीतून त्याच्या दुप्पट जात होते. माझ्या आकड्याने मोजले असते तर पाच मिलिग्रॅमपर्यंत चालले असते आणि चोच हसत हसत पास झाली असती. भाचीने अहवालात लिहिले की, या चोचीला परवानगी देऊ नये. कंपनीने दुसरे रसायन वापरावे किंवा थोरल्याची स्वतःची दीर्घकाळाची परीक्षा करून आणावी. तिने खाली सही केली.

राहिला माझा आकडा. तो रीतसर मागे घ्यायला हवा होता, म्हणजे त्या अकरा बाणांना आपोआप खुणा लागल्या असत्या. संगणकावर त्यासाठी अर्ज असतो. मागे घेण्याचे कारण निवडायचे, त्यात 'मूल्यमापकाची चूक' असाही एक पर्याय होता. तो निवडला. पुढे मूल्यमापकाचे नाव निवडायचे होते आणि त्या यादीत फक्त सध्या नोकरीवर असलेले लोक होते. माझे नाव नव्हते. भाची म्हणाली, त्यात काय, माझं टाकते, नाहीतरी कोण वाचतंय. तिने खरोखर तिचे नाव निवडलेही होते. मी आयुष्यात प्रथमच कोणाचा तरी हात धरून माउसवरून बाजूला केला.

बाईंनी तोडगा काढला. यादीत त्यांनी स्वतःचे, विभागप्रमुखाचे, नाव टाकले आणि शेऱ्यात लिहिले, मूळ मूल्यमापकाचे निवेदन रेकॉर्ड रूममध्ये. मी ते निवेदन घरी हाताने लिहिले. आठ ओळी झाल्या. आधी तीन पाने झाली होती, पण त्यात साहेब फार येत होते आणि ते बिचारे उत्तर द्यायला हयात नाहीत. साहेब काढून टाकल्यावर आठ ओळी उरल्या. आकडा कुठून आणला, काय पाहिले नाही, तो कुणी वापरू नये, आणि खाली माझे नाव.

रेकॉर्ड कीपरांनी ते सवयीप्रमाणे आधी वाचले. सावकाश, ओठ हलवत. मग आवक रजिस्टर उघडले.

"विषय काय लिहू, सर?"

"आकडा मागे घेणे."

"कोणाचा?"

"माझा."

त्यांनी तसे लिहिले. मग हे कोणत्या फाईलला लावायचे, असे विचारले, धाकट्याच्या की के-४१च्या? हा विचार मी केलाच नव्हता. दोन्हीकडे लागेल, मी म्हणालो, नाहीतर उद्या एक फाईल बघणाऱ्याला दुसरी कळणार नाही. ते कागद घेऊन झेरॉक्स करायला वर गेले.

मी एकटाच उरलो. वाईट वाटेल अशी मी तयारी ठेवली होती, आणि वाटलेही. आता विभागात काकांचा म्हणून काही राहिले नव्हते. पण टेबलावर बाईंनी पाठवलेली अकरा नावांची यादी होती. पहिले नाव एका डिंकाचे होते. पाकिटाच्या कडेला लावतात, जिभेने ओला करून चिकटवतात, तो. त्याची फाईल तिसऱ्या रॅकवर खालच्या फळीत असायला हवी होती. मी गुडघ्यावर बसलो आणि ती बाहेर ओढली. फाईल माझ्या अपेक्षेपेक्षा बरीच जाड होती.